धुळपाटी ते कचरापेटी : शाळेतल्या कचऱ्याचा इतिहास



मागचे व्याख्यान संपल्यावर एक शिक्षिका आमच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, शाळेत कचरा कमी करा, ओला-सुका वेगळा करा, असं आम्हाला दर वर्षी कळवतात. आम्ही ते फळ्यावर लिहितो. मुलं वहीत उतरवून घेतात. आणि वर्ष संपलं की ती वही रद्दीत जाते. यात तुमच्या तत्त्वज्ञानाचं काही आहे का?" आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण घरी जाताना तो प्रश्न आमच्या बरोबर आला आणि अजून गेलेला नाही. म्हणून आजचे व्याख्यान त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर समजा.

आम्ही उत्तर इतिहासाच्या वाटेने देणार आहोत. शाळेत कचरा केव्हा आला, तो कोणी उचलला आणि त्यातून मुले काय शिकली, एवढे तीनच प्रश्न आपण धरून ठेवू. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे अवघड आहे. तिसऱ्याचे उत्तर देताना आम्हाला आमच्याबद्दलही थोडे बोलावे लागेल.

कचरा नसलेली शाळा

पंतोजींच्या शाळेपासून सुरुवात करू. लाकडी पाटीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, पाटी हलवली की अक्षर गेले. धुळाक्षरे हा शब्द तिथला. पुढे हात बसला की बोरू आणि कागद. कागद जपून वापरायचा, कारण तो महाग होता. आणि तो कागद तरी कशाचा? जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागदी लोकांची वस्तीच होती. जुन्या चिंध्या, तागाचे आणि गोणपाटाचे तुकडे, झिजलेले दोर कुटून, भिजवून, त्याचा लगदा करून हा कागद होत असे. म्हणजे आज आपण ज्याला पुनर्वापर म्हणतो, त्यातूनच कागद जन्माला येत होता. त्याला वेगळे नाव देण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

नंतर दगडी पाटी आली. आम्ही पन्नासच्या दशकाच्या शेवटी शाळेत गेलो, तेव्हा पहिली दोन वर्षे पाटीवरच काढली. पाटी फुटली तर घरी मार बसे, म्हणून फुटलेला तुकडाही चौकटीत अडकवून वापरायचा. पेन्सिलीचा तुकडा बोटात धरता येईनासा झाला की बोरूच्या नळीत खोचायचा. वरच्या वर्गात टाक, दौत आणि शाईची पुडी. वर्षअखेर वह्यांतली कोरी पाने काढून, दाभणाने भोके पाडून, दोऱ्याने शिवून रफ वही करायची. पुस्तक थोरल्या भावाकडून यायचे. आमच्या इयत्ता पाचवीच्या पुस्तकावर चार नावे होती, पहिली तीन खोडलेली. घरात पुस्तक नसेल तर अर्ध्या किमतीत जुने मिळे. त्या काळी आमच्या शाळेला कचऱ्याची पेटी नव्हती. लागतच नव्हती! शाळेचा केर म्हणजे धूळ, खडूची पूड आणि समोरच्या निंबाचा पाला.

इथे एक सावधगिरी. आमच्या वयाची माणसे या जागी आली की गहिवरतात. "आमच्या वेळी बघा कसं होतं!" पण ती काटकसर गरिबीची होती. वस्तूच नव्हत्या, तर टाकणार काय? शिवाय त्या शाळेत कचरा नव्हता तशी गावातली निम्म्याहून अधिक मुलेही नव्हती. मुली थोड्या, आणि गावकुसाबाहेरची मुले त्याहून थोडी. ज्या शाळेचे आपण गोडवे गातो, तिच्या दारात कोण उभे राहिले होते आणि कोणाला उभे राहू दिले नव्हते, हे विसरून तिचा इतिहास सांगता येत नाही.

एका गोणपाटाची गोष्ट

आता दुसरा प्रश्न. शाळा झाडते कोण?

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्या शाळेची एक आठवण लिहून ठेवली आहे. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, गोणपाटाच्या एका तुकड्यावर. शाळा झाडायला नेमलेला नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे.

जरा थांबून बघा इथे काय झाले आहे. झाडणे हेच ज्याचे काम, तो माणूस एका वस्तूला शिवत नाही. ते गोणपाट मळलेले होते म्हणून नव्हे. ते कितीही धुऊन आणले असते तरी त्याने उचलले नसते. वस्तूचा मळ आणि वस्तूला चिकटलेला विटाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या समाजाने त्यांची सरमिसळ करून ठेवली. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली एक पुस्तक लिहिले, शुद्धता आणि धोका या विषयावर. समाज ज्याला घाण म्हणतो ती बहुधा जागा चुकलेली वस्तू असते, असे त्यांचे म्हणणे. ताटातला भात अन्न, तोच सदऱ्यावर सांडला की घाण. हा विचार आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवला. पण आमच्याकडे जागा फक्त वस्तूंना नेमून दिलेली नव्हती, माणसांनाही दिलेली होती. म्हणून कचऱ्याचा प्रश्न आपल्या शाळेत आला की तो केवळ पेटीचा प्रश्न राहत नाही.

ज्यांनी झाडू हातात घेतला

हे ओळखून काही माणसांनी शाळेतच उपाय शोधला. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली त्याच साताऱ्यात वसतिगृह चालवायला घेतले, जिथे चोवीस वर्षांपूर्वी ते गोणपाट रोज घरी जात होते. सगळ्या जातींची मुले एकत्र राहात, एकत्र जेवत आणि आपली कामे आपण करत. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. स्वयंपाक, पाणी, झाडलोट ही कामे मुलांनी करण्यात पैशाची बचत होतीच, पण तेवढेच नव्हते. कोणाचे काम कोणते, हे जन्मावरून ठरत नाही, हा धडा तिथे पुस्तकाशिवाय शिकवला जात होता.

१९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या आवरणे, त्यांची अंथरुणे नीट करून ठेवणे ही कामे ते स्वतः करत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. आधी मुलांना संकोच वाटे, मग ती आपणहून करू लागत.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमची आखणी झाली. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने ती प्रत्यक्षात आणली. तिथे सफाई हा शिक्षणाचा भाग होता. शेणमूत, पालापाचोळा, मैला यांचे खत कसे होते, किती दिवसांत होते, त्याला हवा आणि ओल किती लागते, यातून मुले विज्ञान आणि हिशेब शिकत. आणि त्या खतावर पिकलेली भाजी स्वयंपाकघरात येई. टाकलेल्या वस्तूचा पुढचा प्रवास मुलाच्या डोळ्यांसमोर पूर्ण होत असे. आमच्या मते नई तालीममधली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. आज मूल वेष्टन पेटीत टाकते आणि ते कुठे जाते हे त्याला आयुष्यभर दिसत नाही.

गाडगेबाबांचे नाव न घेता हा भाग कसा संपेल? १८७६ ते १९५६ एवढे त्यांचे आयुष्य. गावात आले की आधी गाव झाडायचे, कीर्तन नंतर. शाळा आणि वसतिगृहांसाठी त्यांनी पैसे उभे केले, पण स्वतः राहिले झाडू आणि गाडग्यासह. २०००-०१ पासून महाराष्ट्रात त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान निघाले, तेव्हा गावोगावच्या शाळाही रंगल्या, झाडल्या गेल्या. पुष्कळ चांगले झाले. पण स्पर्धेचे परीक्षक येऊन गेल्यावर झाडू पुन्हा कोणाच्या हातात गेला, हे फारसे कोणी पाहिले नाही.

आता आमची गोष्ट. आमच्या प्राथमिक शाळेत वर्ग झाडायची पाळी असे. पाळीची यादी मास्तरांच्या डोक्यात, कागदावर कुठेच नव्हती. उशिरा आला, वर्ग झाड. पाढे चुकले, वर्ग झाड. आम्ही चार वर्षांत एकदाही झाडले नाही. आमचे पाढे काही बिनचूक नव्हते. आमचे वडील गावात मान असलेले गृहस्थ होते, एवढेच. आमच्या मागे बसणारा एक मुलगा होता, पाढ्यांत आमच्याहून तरबेज, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी त्याच्या हातात खराटा असायचा. तो पाचवीनंतर शाळेत दिसला नाही. तेव्हा आम्हाला यात काही वावगे वाटले नाही. चाळिशी उलटल्यावर, वर्गात सामाजिक न्याय हा विषय शिकवताना, बोलता बोलता एकदम तो खराटा डोळ्यांपुढे आला आणि पुढचे वाक्य सुचेना. विद्यार्थ्यांना वाटले, सर विसरले. खरे तर सरांना आठवले होते.

म्हणून आम्ही शिक्षकांना पहिली विनंती करतो ती ही की, झाडणे ही शिक्षा करू नका. ज्या दिवशी शाळेत झाडू शिक्षा म्हणून दिला जातो, त्या दिवशी स्वच्छतेवरचे सगळे निबंध वाया जातात. आणि पाळी लावायची तर यादी कागदावर लावा, हजेरीच्या क्रमाने, कोणालाही न वगळता.

वस्तू वाढल्या

आता पहिल्या प्रश्नाकडे परत जाऊ. मग कचरा आला कधी?

तो एका दिवसात आला नाही. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली. स्वस्त, एकसारखी, चांगली पुस्तके राज्यभर पोचू लागली. ही फार मोठी गोष्ट होती. पुढे सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना पुस्तके मोफत मिळू लागली. ज्या घरात कधी पुस्तक नव्हते त्या घरात पुस्तक गेले. याबद्दल आमची काही तक्रार नाही, उलट कृतज्ञता आहे. मात्र दर वर्षी नवे पुस्तक मिळू लागले तसे जुने पुस्तक पुढच्या मुलाला देण्याची रीत मागे पडली.

दुसरीकडे टाकाची जागा शाईच्या पेनाने घेतली, पेनाची बॉलपेनाने. बॉलपेनात निदान रिफिल बदलता येत असे. नंतर रिफिल संपली की पेनच टाकायचे, असा जमाना आला. पुस्तकांची खाकी कव्हरे जाऊन प्लॅस्टिकची आली. डब्यातल्या पोळीभाजीशेजारी वेफरचे पाकीट आले. हे पाकीट वरून साधे दिसते, पण त्यात प्लॅस्टिकचे आणि धातूच्या मुलाम्याचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. दुधाची पिशवी घेतो, पाण्याची बाटली घेतो, पाकीट घेत नाही. शाळेच्या मैदानावर वाऱ्याने उडताना आपल्याला काय दिसते? पाकीट. कारण बाकीचे कोणीतरी उचलून नेलेले असते.

एक अलीकडचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकांतच प्रत्येक धड्यामागे कोरी पाने जोडण्यात आली. हेतू चांगला होता. पण मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. चर्चा झाली ती ओझ्याची आणि खर्चाची. आमच्या मनात मात्र एक वेगळा मुद्दा राहिला. ज्या पुस्तकात मुलाने लिहिले, ते पुस्तक दुसऱ्या मुलाच्या हातात जाऊ शकत नाही. पुस्तकाचे आयुष्य एक वर्ष, हे आपण गृहीतच धरले आहे. आमच्या पाचवीच्या पुस्तकावरची ती चार नावे आज कोणत्या पुस्तकावर सापडतील?

कागदाचा पुनर्वापर होतो ना, मग काय बिघडले, असे कोणी म्हणेल. होतो. पण कागदाचा लगदा केला की दर वेळी त्याचे तंतू आखूड होतात. साधारण पाच ते सात वेळा हे चक्र फिरते, मग तंतू कागदात टिकत नाही. शिवाय दर वेळी पाणी, वीज आणि रसायने लागतातच. म्हणून क्रम लक्षात ठेवावा : आधी कमी वापरणे, मग आहे ते पुन्हा वापरणे, आणि शेवटी लगदा. आपण उलट्या क्रमाने शिकवतो, कारण लगद्याचा प्रकल्प प्रदर्शनात चांगला दिसतो.

कचऱ्यावर भरलेली शाळा

आता पुण्यातल्या एका घटनेकडे वळू. आमच्या मते शाळा आणि कचरा यांच्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे, आणि ते शाळेच्या आवारात घडले नाही.

१९९० च्या सुमाराला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला वस्तीत जात होत्या. मुले शाळेच्या वेळेत कुठे असत? कचराकुंडीवर, आईबरोबर. मग शिकवणाऱ्याही कुंडीवर गेल्या. तिथे त्यांच्या लक्षात आले की अक्षरओळख पुढची गोष्ट आहे. या बायका दिवसभर घाणीत हात घालून कागद, काच, प्लॅस्टिक, पत्रा वेगळा करतात. तोच माल घराघरांतून वेगळा आणि कोरडा मिळाला, तर तेवढ्याच कमाईला कमी तास लागतील, हात चिरणार नाहीत, आणि मूल शाळेत जाऊ शकेल. म्हणजे ओला-सुका वेगळा करा ही मागणी आमच्या शहरात वरून फक्त नियम म्हणून आली नाही. मुलांना शिकवायला निघालेल्या बायकांना ती कुंडीवर सापडली.

पुढे मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात कचरा वेचकांचा मेळावा भरला. आठशेहून अधिक वेचक आले, आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. नाव बघा किती साधे! जे वेचतो तेच नाव. पुढच्या काही वर्षांत महापालिकेने वेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. कुंडीवर दिसली की चोर समजली जाणारी बाई आता ओळखपत्र दाखवू शकत होती. २००८ साली महापालिकेशी करार होऊन 'स्वच्छ' ही वेचकांचीच सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. आपल्या मुलांना या कामात न आणता शाळेत घालायचे, हा आग्रह संघटनेने पहिल्यापासून धरला.

आता या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. एका बाजूला शाळेत मुले 'पुनर्वापराचे महत्त्व' हा निबंध लिहीत होती. दुसऱ्या बाजूला त्याच वयाची मुले प्रत्यक्ष पुनर्वापर करत होती, आणि म्हणून शाळेत नव्हती. निबंधाचा कागद वर्षअखेर त्यांच्याच पोत्यात जात होता. त्या शिक्षिकाबाईंनी विचारले ना, यात तत्त्वज्ञानाचे काय? हे आहे. आपण ज्ञान कशाला म्हणतो आणि ज्ञानी कोणाला म्हणतो, हा प्रश्न आहे.

प्रकल्पवहीतले पर्यावरण

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीने आला. दहा-बारा वर्षांनी न्यायालयाला त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. मग आपल्याकडेही पर्यावरणाची पुस्तके, गुण आणि प्रकल्प आले. प्रकल्प म्हटला की थर्माकोल, चकाकता कागद, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचे कव्हर. पर्यावरण वाचवण्याच्या प्रकल्पातून किती कचरा झाला, याचा प्रकल्प कोणी केला नाही.

चांगली उदाहरणेही होती, ती सांगितली पाहिजेत. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरला शिकलेले इंजिनियर, पुण्यात टेल्कोत होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी त्यांचा संबंध आला. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या केल्या. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून ते विज्ञान शिकवत राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यात आणि आपल्या प्रदर्शनातल्या फुलदाणीत फरक काय? त्यांचे खेळणे मूल मोडते, पुन्हा करते, त्यातून काहीतरी समजते. आपली फुलदाणी टेबलावर राहते आणि परीक्षक गेले की कचऱ्यात.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. निवृत्तीनंतर एका शाळेच्या समितीवर आम्हाला घेतले होते. आमच्याच सूचनेवरून 'टाकाऊतून टिकाऊ' अशी स्पर्धा ठेवली. उत्साह दांडगा! पण बाटल्या कमी पडल्या, म्हणून पालकांनी थंड पेयांच्या नव्या बाटल्या विकत आणल्या, पेय ओतून दिले आणि बाटली मुलाला दिली. बक्षिसे वाटली, फोटो निघाले. सोमवारी सकाळी आम्ही शाळेत गेलो तर मागच्या दारी एक कचरा वेचणाऱ्या बाई त्या वस्तूंच्या ढिगापाशी बसल्या होत्या. आम्ही मोठ्या कौतुकाने विचारले, "काय मावशी, आज बराच माल मिळाला?" त्यांनी एक रंगवलेली, चमकी चिकटवलेली बाटली उचलून दाखवली. म्हणाल्या, "सर, रंग लावला, गोंद लावला, की बाटली कोण घेत नाही. कोरी दिली असती तर पैसे झाले असते. ही आता नुसता कचरा."

म्हणजे टाकाऊतून टिकाऊ करायला निघालो आणि टिकाऊचे टाकाऊ करून बसलो. तत्त्वज्ञानाची पदवी आमच्याकडे, आणि ही साधी गोष्ट मागच्या दारी कळली.

पुढच्या वर्षी आम्ही सुचवले की स्पर्धा नको, मावशींनाच वर्गात बोलावू. मुख्याध्यापिका जरा अडखळल्या. पालक काय म्हणतील, असे त्यांना वाटत होते. दोन पालकांनी हरकत घेतलीही. तरी मावशी आल्या. टेबलावर शाळेचा एका दिवसाचा सुका कचरा ओतला होता. त्या हाताने दाबून, आवाज ऐकून प्लॅस्टिक ओळखत होत्या. हे कडक, हे नरम, हे चुरचुरतं ते कोणी घेत नाही. पांढऱ्या कागदाला भाव वेगळा, वर्तमानपत्राला वेगळा, पुठ्ठ्याला वेगळा. भिजला की सगळ्याचा भाव पडला. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "मावशी, हे तुम्ही कुठे शिकलात?" त्या म्हणाल्या, "तुझ्याएवढी होते तेव्हापासून. मला शाळा नव्हती ना." वर्ग गप्प झाला. त्या तासाला कोणी काही लिहून घेतले नाही, पण आमची खात्री आहे, तो तास त्या मुलांच्या लक्षात राहील.

मग करायचे काय?

शिक्षकमंडळी विचारतील, हे सगळे ठीक, पण सोमवारी शाळेत करायचे काय? चार गोष्टी सांगतो.

एक. आठवडाभर शाळेचा कचरा मोजा. वर्गवार, वजन करून. मुलांना वजनमाप, सरासरी, आलेख सगळे यातून शिकवता येते. मोजल्याशिवाय कमी काय करायचे हेच कळत नाही.

दोन. पाला जाळू नका. झाडाखाली खड्डा किंवा विटांची चौकट करा. वाळला पाला, त्यावर पोषण आहाराचे भाजीचे देठ आणि उरलेसुरले, त्यावर थोडी माती, असे थर द्या. ओल ठेवा, अधूनमधून वरखाली करा म्हणजे हवा जाईल. वास येऊ लागला तर ओले जास्त झाले, वाळला पाला घाला. काही महिन्यांत खत होते. ते शाळेच्या परसबागेत घाला आणि तिथली भाजी मुलांच्या ताटात येऊ द्या.

तीन. वर्षअखेर पुस्तके आणि वह्या शाळेतच गोळा करा. पुस्तके चांगली असतील तर पुढच्या वर्गाला, कोरी पाने काढून रफ वह्या, आणि उरलेला कागद कोरडा ठेवून वेचकांना. पुस्तकावर नाव घालायला चार रेघा आखा. पहिले नाव लिहिणाऱ्या मुलाला कळेल की आपल्या मागून तिघे येणार आहेत.

चार. मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाचे डबे आणि कागद ठेवा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते उचलणारीला न उघडता कळते, ही साधी पद्धत पुण्यातल्या वेचक बायकांनीच सुचवली. हे मुलांना आणि मुलींना एकत्र बसवून सांगा. ज्याच्या हातात आपला कचरा जातो त्या माणसाचा विचार करणे, याहून वेगळे नीतिशास्त्र आम्हाला शिकवता आलेले नाही.

आणि झाडण्याच्या पाळीची यादी. ती भिंतीवर लावा. शक्य असेल तर तिच्यात पहिले नाव शिक्षकांचे असू द्या.

आम्हाला आमच्या मागे बसणाऱ्या त्या मुलाचा पत्ता नंतर लागला नाही. भेटला असता तर काय बोललो असतो, हे आम्ही पुष्कळदा मनात घोळवले. क्षमा मागणे सोपे असते, आणि ती मागून झाली की माणसाला हलके वाटते. त्याला काय वाटले असते कोण जाणे. आता एवढेच करता येते की पुढच्या वर्गात तो खराटा एकाच हातात राहू नये, हे पाहायचे.

बाईंना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असेल, अशी आशा आहे. नसेल तर पुढच्या व्याख्यानानंतर पुन्हा विचारा.